ब्लॅकमेल (१९२९ चित्रपट)

ब्लॅकमेल हा १९२९ साली प्रदर्शित झालेला, आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित ब्रिटिश गुन्हेगारीपट आहे. चार्ल्स बेनेट यांच्या याच नावाच्या नाटकावर तो आधारलेला आहे. पहिला पूर्ण लांबीचा ब्रिटिश बोलपट असा त्याचा अनेकदा उल्लेख होतो.

कथानक

लंडनमधील एका दुकानदाराची मुलगी ॲलिस व्हाइट ही स्कॉटलंड यार्डचा गुप्तहेर फ्रँक वेबर याच्याशी भांडून एका चित्रकाराबरोबर त्याच्या घरी जाते. तो तिच्यावर बळजबरी करू लागताच हाती लागलेल्या पाव कापण्याच्या सुरीने ती त्याला ठार मारते. तपास फ्रँककडेच येतो. घटनास्थळी ॲलिसचा हातमोजा सापडताच तो लपवतो. मात्र दुसरा हातमोजा ट्रेसी नावाच्या भुरट्या गुन्हेगाराच्या हाती पडलेला असतो व तो दोघांना धमकावू लागतो. पुढे पोलिसांचा संशय ट्रेसीवरच वळतो. पळता पळता ब्रिटिश म्युझियमच्या घुमटावरून कोसळून तो मरण पावतो. ॲलिस कबुलीजबाब देण्यासाठी स्कॉटलंड यार्डमध्ये जाते, परंतु अधिकारी तिला फ्रँककडेच सोपवतो आणि सत्य उघडकीस येत नाही.

कलाकार

* ॲनी ऑन्ड्रा – ॲलिस व्हाइट
* जॉन लाँगडन – फ्रँक वेबर
* सिरिल रिचर्ड – चित्रकार
* डोनाल्ड कॅलथ्रॉप – ट्रेसी

निर्मिती

ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्सने हा चित्रपट मूकपट म्हणून सुरू केला व नंतर बोलपटात रूपांतरित केला. ध्वनियंत्रणा नसलेल्या चित्रपटगृहांसाठी मूक आवृत्तीही प्रदर्शित झाली. ऑन्ड्रा यांचे इंग्रजी उच्चार परकीय वळणाचे होते. संवाद मागाहून भरण्याची सोय तेव्हा नसल्याने जोन बॅरी ही अभिनेत्री कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरून संवाद बोले व ऑन्ड्रा केवळ ओठ हलवीत. छायालेखन जॅक कॉक्स यांचे होते. म्युझियममध्ये पुरेसा प्रकाश नसल्याने तेथील पाठलाग आरशांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या शुफ्टान प्रक्रियेने चित्रित झाला.

अपराधभावाचे चित्रण

हत्येनंतर रात्रभर रस्त्यांवर भटकणाऱ्या ॲलिसला दिव्यांच्या जाहिरातीतही भोसकणारी सुरी दिसते. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी एक शेजारीण खुनाविषयी बडबडत असते. तिचे बोलणे हळूहळू अस्पष्ट होते व ‘सुरी’ हा एकच शब्द ॲलिसच्या कानांवर आदळत राहतो. अखेर तिच्या हातातील सुरी निसटून उडते. नवे ध्वनितंत्र येथे केवळ संवाद ऐकवण्यासाठी न वापरता मनातील भीती व्यक्त करण्यासाठी वापरले आहे. बोट रोखून हसणाऱ्या विदूषकाचे चित्र हत्येच्या जागी असते. अखेरच्या दृश्यात तेच चित्र ॲलिससमोरून नेले जाते. कायद्याच्या कचाट्यातून ती सुटते, पण सदसद्विवेकबुद्धीच्या टोचणीतून सुटत नाही.

मूळ कल्पनेप्रमाणे फ्रँकला कर्तव्य म्हणून ॲलिसलाच अटक करावी लागणार होती. तथापि निर्मात्यांना असा शेवट मान्य नव्हता, असे हिचकॉक यांनी पुढे मुलाखतीत सांगितले.