लंडनची भुयारी रेल्वे आणि १९४०-४१ चे हवाई हल्ले

‘भुयारी रेल्वे’ या एका नावाखाली लंडनमध्ये दोन भिन्न जातींची बांधकामे येतात. १८६३ साली सुरू झालेली मेट्रोपोलिटन व तिच्यामागून आलेली डिस्ट्रिक्ट हे मार्ग बहुतांशी रस्ता खणून व वर छत घालून तयार झाले. ‘ट्यूब’ मात्र जमिनीच्या पोटात गोल बोगदा कोरून केलेली. तिचीही खोली सर्वत्र सारखी नाही. बोलण्यात हे सारे भेद पुसले गेले होते, आणि १९४० साली त्यांची किंमत माणसांना मोजावी लागली.

७ सप्टेंबर १९४० पासून शहरावर सलग ५७ रात्री बाँबवर्षाव झाला. स्थानकांत आसरा घेऊ द्यावयाचा नाही, असे सरकारचे आरंभीचे धोरण होते. लोकांना खोल जागेची सवय लागली की ते वर येणार नाहीत, अशी अधिकाऱ्यांची धास्ती. लोकांनी स्वस्तातले तिकीट काढले, फलाटावर पथारी पसरली आणि रात्रभर हलले नाहीत. धोरण गुंडाळावे लागले. सप्टेंबरअखेरच्या एका रात्री सुमारे १,७७,००० माणसे स्थानकांत झोपली होती.

अधिकाऱ्यांना खरे भय होते ते थेम्सचे. नदीखालचा बोगदा फुटल्यास दोन्ही तीरांवरील स्थानके बुडाली असती. म्हणून १९३८ च्या म्यूनिक पेचप्रसंगी तेथे काँक्रीटचे अडसर घातले गेले व पुढे विजेवर चालणारे पूरदरवाजे बसले. ही दक्षता व्यर्थ गेली नाही. तेव्हाचे चेअरिंग क्रॉस, म्हणजे आजचे एम्बँकमेंट, येथील वापरात नसलेला वळणबोगदा १९४० साली बाँबने फुटून जलमय झाला; परंतु त्याची तोंडे आधीच बुजविली असल्याने चालू मार्ग वाचला.

पाण्याने घात केला तो भलत्याच ठिकाणी. १४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री नॉर्दर्न मार्गावरील बॅलम स्थानकावरच्या रस्त्यावर १,४०० किलोग्रॅमचा बाँब पडला. हे स्थानक ट्यूबचेच, पण तुलनेने उथळ. फलाटाच्या बोगद्याचा भाग ढासळला. रस्त्याखालचे पाण्याचे व सांडपाण्याचे नळ फुटून माती, वाळू व पाणी आत लोटले. अंधारात चाललेली एक बस वरच्या विवरात कोसळली. चारशेहून अधिक लोक निसटले. नदीचा विचार झाला होता. डोक्यावरच्या नळांचा तेवढा झाला नव्हता, असेच म्हणावे लागते.

बँक स्थानकाची गोष्ट निराळी. ११ जानेवारी १९४१ रोजी तेथील तिकीटघरावर बाँब पडला आणि स्फोटाचा झोत सरकत्या जिन्यांच्या वाटेने थेट खालच्या फलाटांपर्यंत उतरला. येथे खोली पुरेशी होती. परंतु माणसे आत येण्याची वाट तीच स्फोटाचीही वाट झाली.

नागरी संरक्षणाच्या कागदपत्रांत अशा प्रत्येक आघाताला ‘इन्सिडेंट’ म्हणत. खिडक्यांच्या काचा फुटल्या काय नि बोगदा ढासळला काय, शब्द एकच. मृतांच्या संख्येबाबत मात्र एकवाक्यता नाही. बँकसाठी कोठे ५६, कोठे १११. बॅलमसाठी ६४, ६६ व ६८ असे आकडे आढळतात. बॅलमच्या तिकीटघरात २००० साली लावलेल्या स्मृतिफलकावर ६४ ही संख्या होती. २०१० साली त्याजागी नवा फलक बसविण्यात आला. त्यावर संख्या दिलेली नाही.