चरम हवाप्रदूषणाची सांख्यिकीय प्रतिमाने

एखाद्या प्रदेशात प्रदूषकांची पातळी क्वचित, पण धोकादायक प्रमाणात चढते. ती कुठवर चढेल, किती वर्षांतून एकदा चढेल आणि एकाच वेळी किती भाग व्यापेल, याचा अंदाज बांधणारी ही गणिती प्रतिमाने होत. नेहमीची प्रतिमाने सरासरीच्या आसपासच्या नोंदींवर बेतलेली असल्याने टोकाच्या दिवसांबाबत बहुधा कमी पडतात. जीवितहानी मात्र अशा मोजक्या दिवसांतही मोठी होते. ५ ते ९ डिसेंबर १९५२ दरम्यान लंडनवर दाटलेल्या धुरक्याने सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांत तो १२,००० च्या घरात गेला.

सिद्धांत : रोनाल्ड फिशर व लेनर्ड टिपेट यांनी १९२८ मध्ये दाखवले की, मोठ्या नमुन्यांतील कमाल मूल्यांचे स्थिर वितरण मिळतच असेल, तर ते तीनच प्रकारांपैकी एक असते. बोरिस ग्नेडेंको यांनी १९४३ मध्ये याची काटेकोर सिद्धता दिली. गुंबेल, फ्रेशे आणि वायबुल या तिन्ही प्रकारांना सामावणाऱ्या व्यापक चरम मूल्य वितरणात स्थान, मापन आणि आकार असे तीन प्राचल असतात. आकार-प्राचल ऋण असल्यास पातळीला वरची मर्यादा असते. धन असल्यास तशी मर्यादा नसते आणि अतितीव्र घटनांची शक्यता बरीच वाढते.

पद्धती : पहिल्या पद्धतीत दर वर्षाचे कमाल मूल्य घेतात. तीत वर्षाला एकच नोंद वापरली जाते, म्हणून दुसऱ्या पद्धतीत ठरावीक उंबरठा ओलांडणारी सर्व मूल्ये घेऊन त्यांना व्यापक पॅरेटो वितरण बसवतात. उंबरठा फार खाली ठेवला तर सामान्य दिवस आत शिरतात. फार वर ठेवला तर नोंदीच उरत नाहीत. प्रदूषित दिवस सहसा लागोपाठ येतात, म्हणून अशी सलग मालिका एक घटना धरली जाते. दहा वर्षांची पुनरावर्तन पातळी म्हणजे कोणत्याही एका वर्षात ओलांडली जाण्याची शक्यता १० टक्के असलेली पातळी. वर्षे परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास दहा वर्षांत ती निदान एकदा ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के असते.

प्रादेशिक अवलंबित्व : दोन मोजणी केंद्रांवर प्रत्येकी २ टक्के दिवस मर्यादा ओलांडली जाते असे समजू. दोन्हींचा परस्परसंबंध नसेल, तर दोन्हीकडे एकाच दिवशी असे घडणे साधारण सात वर्षांतून एकदा होईल. संबंध पूर्ण असेल, तर वर्षाला सुमारे सात दिवस. आरोग्ययंत्रणेवरचा ताण या फरकाने ठरतो. हा संबंध मोजण्यासाठी कमाल-स्थिर प्रक्रिया (अनेक ठिकाणच्या कमाल मूल्यांचे एकत्रित वितरण) व श्रेणीबद्ध बेजीय प्रतिमाने (प्राचलांनाच संभाव्यता देऊन ठिकाणांची माहिती जोडणारी) वापरतात. जॅनेट हेफर्नन व जोनाथन टॉन यांनी २००४ मध्ये मांडलेले सशर्त प्रतिमान (एक मूल्य टोकाला असताना इतरांचे वर्तन सांगणारे) इंग्लंडमधील लीड्सच्या अनेक प्रदूषकांच्या नोंदींवर तपासले होते.

भारतीय संदर्भ : २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे सूक्ष्म कण) ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. वर्षातील ९८ टक्के वेळ ती पाळली गेली पाहिजे. उरलेल्या २ टक्क्यांतही मोजणीच्या सलग दोन दिवशी ती ओलांडलेली चालत नाही. दिल्ली परिसरात ऑक्टोबरअखेरीपासून मंद वारे, तापमानाचे व्युत्क्रमण (थंड हवेवर उबदार हवेचा थर), पंजाब-हरियाणातील पराळी (भाताचे काड) जाळणे आणि स्थानिक उत्सर्जन एकत्र येते. म्हणून वाऱ्याचा वेग व मिश्रण-थराची (जमिनीलगतचे प्रदूषक ज्यात मिसळतात त्या हवेच्या थराची) उंची यांनुसार प्रतिमानाचे प्राचल बदलू देतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ प्रणाली पुढच्या काही दिवसांच्या हवेचे भाकीत करते. चरम मूल्य प्रतिमाने मात्र दीर्घकालीन जोखीम मोजतात.

मर्यादा : राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक ५०० वर थांबतो, त्यामुळे प्रतिमानासाठी मूळ संहती घ्यावी लागते. मोजणी केंद्रे शहरांत दाटलेली असतात. गावांकडील अंदाज उपग्रहांच्या नोंदींवर बेततात. पण दाट धुरके उपग्रहाच्या गणनपद्धतीत ढग म्हणून वगळले जाऊ शकते आणि नेमक्या वाईट दिवसांच्याच नोंदी गळतात. भारतातील पीएम २.५ च्या सलग नोंदी बहुतेक ठिकाणी अल्पकाळाच्या आहेत. त्यांवरून काढलेली शंभर वर्षांची पातळी विश्वास-अंतरालासहच वाचावी लागते.