हलक्या हाताचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद. तेथील बीबी-का-मकबऱ्यापलीकडच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांतील सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी कोरलेली असून तिच्या भोवती सहा स्त्रिया वाद्ये वाजवीत आहेत. त्यांत तालवाद्येही आहेत. शिल्प सहाव्या-सातव्या शतकातले. त्या दगडातल्या हातांचा आघात हलका की जड, हे मात्र पाहणाऱ्याने मनाशीच ठरवायचे.

त्या प्रश्नाशी भरताच्या नाट्यशास्त्राचे नाते आहे. त्यातील कथा अशी, की स्वाती नावाचे मुनी पाणी आणावयास सरोवरावर गेले असता पाऊस आला. लहान, मध्यम व मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे नाद त्यांनी ऐकले, आणि त्यावरून चर्मवाद्ये घडविली. आपल्या तालवाद्यांची जन्मकथा गडगडाटाची नाही, थेंबांची आहे!

पाश्चात्त्यांचा ड्रमसेट त्या मानाने अगदी अलीकडचा. 1909 साली अमेरिकेत लुडविग यांनी मोठा ढोल पायाने वाजविण्याच्या पेडलचे पेटंट घेतले, आणि दोन-तिघांचे काम एकटा माणूस बसून करू लागला. पुढे विजेच्या गिटारी आल्या, रॉक संगीत आले आणि गोंगाट वाढला. 1965 साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स गायले, तेव्हा पंचावन्न हजारांवर श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे गाणेच धड ऐकू येईना. अशा ठिकाणी ड्रमवाल्याने बडवावे नाही तर काय करावे?

तरीही या वाद्याचे खरे शिक्षण उलट दिशेने चालते. काठी वीतभर उचलली, तर घाव ठसठशीत पडतो; बोटभर उचलली, तर नुसती कुजबूज होते. नवशिक्याचा आवाज वाढला, की लय पळते. आवाज उतरला, की लय रेंगाळते. लय न हलविता आवाज चढविणे-उतरविणे, हीच साधना. आपल्या तबलजींना हे नवे नाही.

ही साधना दोन्ही वाद्यांवर केलेला कलावंत आपल्याच मुंबईचा. त्रिलोक गुर्टू यांचा जन्म 1951 सालचा. आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू. तबल्यावर तयार झालेले हे हात ड्रमवर आले. वाजविताना ते जमिनीलगत बसतात आणि नादणारी झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवितात. 1989 साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या साध्या लाकडी गिटारीला त्यांची साथ होती. अशी गिटार ड्रमखाली बुडायला कितीसा वेळ? ती बुडली नाही, यातच साथीदाराचे कसब आले.

आज आवाज वाढवायला यंत्राची कळ फिरविली, की पुरे. पण दोन आघातांतला लहानमोठेपणा हातानेच राखावा लागतो. दिवाळीतल्या फटाक्याला हळू वाजता येत नाही. वादकाला येते, म्हणूनच तो वादक.