मोरीवरचा दिवा

दिव्याचा इतिहास सांगावयाचा म्हटले, की वक्ते एडिसनपासून आरंभ करतात आणि शहरातल्या रस्त्यांवरचे खांब मोजून थांबतात. आम्ही आज तो इतिहास घरातल्या हातभर जागेवरून सांगणार आहोत. ती जागा म्हणजे भांडी घासण्याची मोरी, आजच्या भाषेत सिंक, आणि तिच्यावरची भिंत. त्या भिंतीवर दिवा कोठे असावा, फळी किंवा कपाट किती उंच असावे, हा प्रश्न ऐकून कोणी हसेल. परंतु आमचे आयुष्य कामगारांच्या कामाच्या जागा पाहण्यात गेले. एखाद्याच्या कष्टाची समाजाला किती किंमत आहे हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या हातांवर उजेड किती पडतो ते पाहावे, असे आम्ही त्यातून शिकलो.

आमच्या बेंबळीकडचे जुने घर डोळ्यांपुढे आणा. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाला बाहेर ठेवणारे हे घर उजेडालाही बाहेरच ठेवी. स्वयंपाकघराला खिडकी असलीच तर वीतभर. एरव्ही माळवदातल्या झरोक्यातून जो कवडसा येई तोच उजेड, आणि त्याच वाटेने धूर बाहेर जाई. कपाट म्हणून वेगळे सामान नव्हते. भिंतीच्या जाडीतच कोनाडे आणि फडताळे ठेवीत, फळीवर पितळी भांडी मांडीत, दूधदुभते शिंकाळ्यावर टांगीत. भांडी परसात, राखेने, दिवसाउजेडी घासावयाची. संध्याकाळचा पहिला दिवा देवापुढे लागे, दुसरा बैठकीत. उरलीच तर एक चिमणी चुलीजवळ. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघर गेला. वाऱ्याने न विझणारा तो चांगला दिवा. पण घरात तो एकच असावयाचा, आणि गोठ्यात जनावर अडले किंवा पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवावयाचे झाले, की त्याच्याबरोबर उजेडही घराबाहेर जाई. मोरीतली खरकटी भांडी तेवढी अंधारात राहत.

आता हाच उजेड कारखान्यात कसा शिरला ते पाहू. गिरण्यांच्या आरंभीच्या काळात कामाचा दिवस सूर्यावर ठरे. सूर्य मावळला की सूत दिसेनासे होई आणि यंत्र थांबे. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे पसरले आणि मालकांना सूर्याची गरज उरली नाही. कामाचा दिवस चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्याविरुद्ध ओरड झाली, 1907 मध्ये चौकशी आयोग बसला, आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. म्हणजे विजेचा दिवा कामगाराच्या वाट्याला प्रथम आला तो सुख म्हणून आला नाही, जादा कामाचा हुकूम म्हणून आला. हा कामगार रात्री ज्या खोलीत परते, तेथे मात्र अनेकदा रॉकेलची चिमणीच असे. पुढे सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे 207 चाळी बांधल्या. एकेक खोली 160 चौरस फुटांची. तेवढ्यातच चूल, अंथरूण, देव आणि पाहुणा.

संघटित कामगाराने पुढे उजेडाचा हक्क मिळविला. 1948 च्या कारखाने कायद्याचे सतरावे कलम आम्ही तरुणपणी वाचले आणि थक्क झालो. कामाच्या प्रत्येक जागी पुरेसा व योग्य उजेड असावा, खिडक्यांच्या काचा दोन्ही अंगांनी स्वच्छ असाव्यात, डोळे दिपू नयेत, आणि डोळ्यांना ताण पडेल किंवा अपघात होईल अशी सावली कामावर पडू नये, इतका बारीक विचार त्या कलमात होता. कायद्याने सावलीचीसुद्धा दखल घेतली! पण ती कारखान्याच्या फाटकापर्यंतच. त्याच कामगाराच्या घरी विळी, तवा आणि भांडी हाताळणारी बाई कोणत्याही कलमात बसत नव्हती.

हा विचार स्वयंपाकघरात नेण्याचा मोठा प्रयोग जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट शहराने सामान्य कष्टकऱ्यांसाठी हजारो घरे बांधली. त्यांसाठी 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या तरुण वास्तुशास्त्रज्ञ बाईने एक स्वयंपाकघर आखले. आकार सुमारे सव्वासहा फूट बाय अकरा फूट. कामाचे मेज खिडकीखाली, सिंकजवळ भांडी निथळण्याची जाळी, भिंतीवर सरकत्या काचांची कपाटे. आणि दिवा छताला एका दांडीवर असा बसविलेला, की काम जेथे चालले असेल तेथे तो ओढून न्यावा. गंमत अशी, की हातांच्या हालचाली घड्याळाने मोजण्याचे जे शास्त्र तिने वापरले, ते अमेरिकेतील टेलरचे. त्याच जातीच्या ‘कार्यक्षमते’च्या योजनेखाली विणकरावर दोनऐवजी तीन माग लादू पाहिले, म्हणून 1928 साली मुंबईचा गिरणी कामगार सहा महिने संपावर राहिला. घड्याळ तेच, पण वाचलेली पावले कोणाच्या पदरात पडतात यावर सारे अवलंबून! त्या स्वयंपाकघरातही उणीव होती. तेथे एकटीच बाई मावे, आणि कामही एकटीचेच होऊन बसे. तरी तिच्या हातांना उजेड हवा, हे कोणीतरी आराखड्यात मांडले.

आमच्याकडे हे उशिरा आले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे आपल्याच भिंतींखाली गाडली गेली, आणि लातूर-धाराशिवच्या लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला. पत्र्याची, स्लॅबची घरे आली. भिंती पातळ झाल्या, कोनाडे-फडताळे गेली, त्यांच्या जागी कडप्प्याच्या फळ्या आणि स्टीलच्या मांडण्या आल्या. चूल जमिनीवरून ओट्यावर चढली, छतावर टाकी आली, तसे सिंकही आले. वीज मात्र थेंबाथेंबाने आली. 1988-89 पासूनच्या कुटीर ज्योती योजनेने गरिबाला एका दिव्याची जोडणी मिळाली. एकच दिवा! तो कोठे टांगावयाचा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांनी जुन्या सवयीनेच दिले: पुढच्या खोलीत.

आज एका दिव्याची ती अडचण बव्हंशी उरली नाही; सवय उरली आहे. स्वयंपाकघरातला दिवा वायरमन छताच्या मधोमध किंवा पाठीमागच्या भिंतीवर लावतो. सिंक असते भिंतीला. बाई तोंड भिंतीकडे करून उभी राहते, आणि तिचीच सावली तिच्या हातांवर पडते. कारखान्यात ज्या सावलीला कायद्याने मनाई केली, ती घरात आपण पैसे देऊन बसवून घेतो. उपाय सोपा आहे. दिवा तिच्या समोर, मांडणीच्या किंवा कपाटाच्या खालच्या कडेला, पुढच्या अंगाला लावावा. वर पट्टी असावी, म्हणजे तो डोळ्यांत येत नाही. बटण पाण्यापासून दूर, कोरड्या हाताने दाबता येईल असे असावे, आणि जोडणीला अर्थिंग असावेच. सिंकच्या बरोबर वर बंद कपाट केले तर ओलीने फळ्या फुगतात आणि झुरळे होतात. तेथे उघडी मांडणी बरी, म्हणजे ताटल्यांचे पाणी सिंकमध्येच निथळते. कपाट करावयाचेच तर ते ओट्याहून कमी रुंदीचे असावे, वाकताना कपाळाला लागू नये. उंची सुताराच्या हाताने ठरवू नये. तेथे उभी राहणारीच्या हाताने ठरवावी.

या शेवटच्या गोष्टीपाशीच इतिहास अडला आहे. घर बांधताना गवंडी, सुतार, वायरमन आणि घरधनी असे चौघे पुरुष उभे राहून बोलतात. जिचे दिवसाचे कित्येक तास त्या भिंतीसमोर जाणार, ती आतून चहा पाठविते. कामगाराने यंत्राजवळचा उजेड मागून घेतला, कारण त्याच्यापाशी संघटना होती. मोरीपाशी उभी असलेली बाई एकटी आहे. तिची युनियन घरातल्या माणसांनीच व्हावयास हवी. ज्या श्रोत्यांच्या घराचे काम चालू असेल, त्यांनी भिंतीला गिलावा होण्यापूर्वी तिला तेथे उभे करावे, आणि दिवा कोठे हवा ते विचारावे.