जुन्या युक्तीचा नवा फेरा

व्यापारात जे नवे म्हणून मिरवते, ते पुष्कळदा आजोबांच्या पेटीतलेच असते. हल्ली गावचा बियाणे-विक्रेता गिऱ्हाइकांना मोबाइलवर पेरणीचा सल्ला पाठवितो. मालाची गोष्ट मागाहून काढतो. ही युक्ती जुनीच होय.

अमेरिकेतील जॉन डिअर या नांगराच्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ हे शेतकी नियतकालिक काढले. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांना मार्गदर्शिका फुकट वाटली. प्रवास वाढला की टायर झिजणार, हा त्यांचा हिशेब! महाराष्ट्रात लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आरंभी खपेना. असल्या शंकेवर नुसत्या जाहिरातीची मात्रा चालत नाही. तेथे विश्वासच जोडावा लागतो. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि नांगराशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही ते वाचले जाऊ लागले.

लहान दुकानदारास मात्र छपाई व टपाल हा खर्च झेपणारा नव्हता. मोबाइलने तो भार उतरविला, म्हणून युक्ती परतली. परंतु खर्चाबरोबर त्याचा धाकही गेला. महिन्याला एकच अंक काढणाऱ्यास वाचकाच्या उपयोगाचे काय, याचा विचार करणे भाग होते. फुकटच्या साधनाने दिवसाला दहा संदेश धाडणाऱ्याला तो विचार सुचत नाही. तो सुटला, की युक्ती परतूनही विश्वास परतत नाही.