नळीपासून घोटापर्यंत

पुणे-बेंगळुरू महामार्गावर निपाणीच्या आसपास दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागला, की माणसाला कोल्हापूरला नाहीतर बेळगावला हलवतात. जीव वाचतो, काही दिवसांनी डोळे उघडतात. मग घरच्यांची नजर नाकातल्या नळीवर खिळते. ही कधी निघणार?

या नळीला सगळे राईल्स ट्यूब म्हणतात. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले जॉन राईल यांनी ती १९२१ साली पुढे आणली, पण पोटात अन्न घालायला नव्हे. तपासणीसाठी जठरातला रस थोडाथोडा बाहेर काढायला. अन्नाच्या नळीचं मूळ त्याहून जुनं आहे. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रुग्णासाठी लंडनचेच शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७९० मध्ये देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीवर वाम माशाची कातडी चढवून नळी केली. तिच्यातून फेटलेली अंडी आणि दूध पोटात गेलं. पुढे तो माणूस आपला आपण गिळू लागला.

असा माणूस पुन्हा कसा गिळू लागतो, याचा नीट अभ्यास मात्र फार उशिरा झाला. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या वाचा-उपचारतज्ज्ञ जेरी लोगेमन यांनी बेरियम मिसळलेला घास गिळताना रुग्णाचं क्ष-किरण चित्रण करून घास नेमका कुठे अडतो, कुठे चुकतो हे पाहण्याची पद्धत बसवली. या विषयावरचं त्यांचं पुस्तक १९८३ चं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, जोर लावून गिळायचं, वर उचललेलं स्वरयंत्र क्षणभर तिथेच धरून ठेवायचं, असे व्यायाम या काळात रुजले. १९८८ मध्ये सुझन लँगमोर यांनी नाकातून दुर्बीण घालून गिळणं तपासण्याची रीत मांडली.

आपल्याकडे वाचा आणि श्रवणाचं शिक्षण १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या वाचा-श्रवण संस्थेत सुरू झालं.

पण इथली खरी लढाई घरी होते. रुग्ण शुद्धीवर आला, की कुणीतरी म्हणतं, ‘निदान घोटभर पाणी तरी द्या.’ मेंदूला इजा झालेल्या माणसाला बऱ्याचदा पाणीच सगळ्यात अवघड जातं. ते इतक्या वेगानं घशात उतरतं, की श्वासनलिकेचं दार मिटायला वेळच मिळत नाही. ठसका लागला तर निदान कळतं तरी. पुष्कळांना ठसकाच येत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात जातं आणि मागून ताप, न्यूमोनिया येतो. म्हणून पहिला घोट कधी आणि कशाचा, हे तपासणीनंतर तज्ज्ञानंच ठरवायचं. रुग्ण पुरता जागा हवा, पाठ ताठ हवी, तोंड स्वच्छ हवं.

तज्ज्ञानं दाट पेय सुचवलं, तर आपल्या सीमाभागातलं स्वयंपाकघर तयारच आहे. नाचणीची आंबील आहे, भाताची पेज आहे. तरी रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर नळीतून काय द्यायचं एवढंच लिहिलेलं असतं, हे मला खटकतं. नळीकडून तोंडाकडे कसं यायचं, तेही मराठीत आणि कन्नडात, आंबिलीचं नाव घेऊन लिहिलेलं असायला हवं.

दाटपणा मोजायलाही आता सोपं माप आहे. पेयं आणि अन्न यांची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरली आहे. १० मिलीची साधी सिरिंज दट्ट्या काढून, टोकावर बोट दाबून भरायची, ते बोट उचलून १० सेकंद वाहू द्यायचं आणि उरलेलं पाहायचं. ४ ते ८ मिली उरलं, तर ते दुसऱ्या पातळीचं. सिरिंजवर ० ते १० मिली हे अंतर ६१.५ मिलिमीटर आहे ना, तेवढं आधी पट्टीनं मोजून घ्यावं. आणि आंबील द्यायच्या वेळी जेवढी कोमट असेल, तेवढीच कोमट असताना तपासावी, कारण निवली की ती घट्ट होते. पेजेचं उलटंही होतं: उष्ट्या चमच्यातली लाळ वाटीत मिसळत राहिली, की ती पातळ होत जाते. म्हणून वाटीत थोडीच घ्यायची, आणि लागली तर नवी.