त्रिशिक्षेचा मराठी इतिहास

बेळगावच्या कॅम्पापासून निपाणीच्या तंबाखूपेठेपर्यंत सेवा करणाऱ्या धर्मसेवकांस बौद्ध शेजारी नवे नाहीत. तथापि बौद्ध धर्म म्हणजे डोळे मिटून केलेले ध्यान, अशी ढोबळ समजूत आपल्या प्रवचनांतूनही अधूनमधून डोकावते. इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. बौद्ध परंपरेने साधकाची घडण शील, समाधी व प्रज्ञा अशा तीन शिक्षांत सांगितली आहे. मराठी मुलखात ही त्रिशिक्षा कशी उमगत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मज्झिमनिकायातील चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना ही भिक्षुणी विशाख नावाच्या उपासकास अष्टांगिक मार्गाची विभागणी समजावून देते. सम्यक वाचा, कर्मान्त व आजीव ही अंगे शीलात येतात. व्यायाम, स्मृती व समाधी ही समाधीत. दृष्टी व संकल्प ही प्रज्ञेत. येथे माणसाची उपजीविकाही शीलाचाच भाग ठरते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ याच चौकटीवर रचला. त्याच्या २३ प्रकरणांपैकी पहिली २ शीलावर, पुढची ११ समाधीवर व शेवटची १० प्रज्ञेवर आहेत.

हा ग्रंथ आधुनिक अभ्यासकांच्या हाती देणाऱ्यांत गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) अग्रगण्य होत. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने ओढ घेतली. १८९९ मध्ये ते घर सोडून निघाले आणि पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत श्रीलंकेस पोहोचले. तेथे १९०२ मध्ये त्यांनी प्रव्रज्या घेतली. ‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉरन यांचे अपुरे राहिलेले संपादनही त्यांनीच पूर्ण केले. ते १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ‘समाधिमार्ग’ हे त्यांचे पुस्तक १९२५ मधील.

त्याच वर्षी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीस बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर होते. सार्वजनिक पाणवठा व देवळाचे दार ज्यांस बंद होते, त्या समाजाची ही परिषद. एकतीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी भिक्षू चंद्रमणी यांजकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले आणि नंतर आपल्या अनुयायांस २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील अठराव्या प्रतिज्ञेत प्रज्ञा, शील व करुणा यांची सांगड घालून जगण्याचा निश्चय आहे. परंपरेच्या त्रयीत जेथे समाधी होती, तेथे येथे करुणा आली.

हा फरक लहान नाही. यावरून समाधी टाकून दिली असे मात्र म्हणता येत नाही. अष्टांगिक मार्गाच्या अनुसरणाची प्रतिज्ञा त्याच बावीसांत आहे आणि त्या मार्गात सम्यक समाधी आहेच. शतकानुशतके ज्याला माणूस म्हणून शिवणेही निषिद्ध मानले, त्या समाजाला धर्माची पहिली ओळख माणसामाणसांतील नात्यातून व्हावी, असा या निवडीचा अर्थ मला दिसतो. शील मात्र दोन्ही त्रयींत अढळ आहे. शीलावाचून प्रज्ञा घातक ठरते, हे डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात आग्रहाने मांडले आहे. बुद्धघोषांच्या मांडणीतही शीलाचा पाया घातल्यावाचून समाधीची इमारत चढत नाही.

आपल्या प्रचारकांनी यातून काय घ्यावे? बौद्ध शेजाऱ्याशी बोलताना आरंभ ध्यानाच्या पद्धतींपासून करू नये. त्याच्या घरी पंचशील कसे म्हटले जाते, मुलांस ते कसे शिकविले जाते, १९५६ नंतर वडीलधाऱ्यांनी काय सोडले व काय धरले, हे आदराने विचारावे. ज्या गावांतून त्याचे वाडवडील पाण्यासाठी दूर उभे राहिले, त्याच गावांत आपल्याही मंडळ्या वाढल्या आहेत. त्या विहिरीवर आपण कोणाच्या बाजूला उभे होतो, हा प्रश्न तो विचारील. त्याचे उत्तर ज्ञानाच्या शब्दांत देता येणार नाही. तेथे आपलेही शीलच पाहिले जाईल.